घरगुती रॉक टम्बलर आणि त्याची कच्ची बांधणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टम्बलर म्हणजे दगड, पाणी आणि ग्रिट (घासणारी कठीण पूड) भरलेले बॅरल दोन शाफ्टवर आडवे ठेवून मोटरने फिरवणारे आणि दगड गुळगुळीत करणारे यंत्र. एक ते दीड किलो क्षमतेचे, फिरत्या बॅरलचे, छंद म्हणून किंवा खेळणे म्हणून विकले जाणारे टम्बलर डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. गोव्याची दमट हवा, इथली वीज आणि इथल्या बाजारात मिळणारे सुटे भाग यांचा हिशेब त्यात धरला आहे. थरथरणाऱ्या टम्बलरचे तंत्र वेगळे असते, ते इथे घेतलेले नाही.

नवा टम्बलर आठवड्याभरात बंद पडला. यंत्रच खराब होते की वापरण्यात चूक झाली?

दोन्ही शक्य आहे, पण आधी बोट यंत्राकडे दाखवा. खडबडीत दगडाला चकाकी येईपर्यंत चार टप्पे लागतात, प्रत्येक टप्प्याला साधारण सात दिवस, आणि तेही रात्रंदिवस. म्हणजे ६७२ तास. मिनिटाला ४५ फेऱ्या धरल्या तर बॅरल तेवढ्यात १८ लाखांहून जास्त वेळा फिरते, आणि त्याच्या दहाव्या हिश्शाच्या जाडीचा शाफ्ट एक कोटी ऐंशी लाख वेळा. घरच्या मिक्सरवर ३० मिनिटांचे रेटिंग छापलेले असते आणि आपण ते पाळतोही; टम्बलरला तशी सुट्टी मिळतच नाही.

स्वस्त यंत्रात नेमकी इथेच काटकसर केलेली असते. कार्बन ब्रशची छोटी डीसी मोटर, प्लास्टिकचे गिअर, प्लास्टिकच्या भोकात थेट फिरणारा शाफ्ट. अशा ब्रशचे आयुष्य बऱ्याचदा काही शे तासांचेच असते, म्हणजे दगडांची पहिली खेप पूर्ण होण्याआधीच ती मोटर थकते. बाहेरचा रंग, डिजिटल पडदा, निळा दिवा यांवरून यंत्राचा कस कळत नाही. मोटर, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी), बेल्ट आणि बॅरल या चार गोष्टी कशा आहेत एवढेच बघायचे.

खोके उघडल्यावर दगड घालण्याआधी काय तपासावे?

खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. मग यंत्र सपाट जागी ठेवून दोन्ही शाफ्ट हाताने फिरवा. दोन्ही न अडकता फिरायला हवेत. शाफ्टचे टोक धरून वर-खाली हलवा. किंचित हालचाल चालेल. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खडखड जाणवली तर बुश पहिल्या दिवसापासूनच सैल आहे. खालचे झाकण स्क्रूने उघडत असेल आणि परत करण्याची मुदत चालू नसेल तर दोन पुल्या एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून बघा आणि पुली शाफ्टवर धरून ठेवणारा छोटा ग्रब स्क्रू आवळलेला आहे याची खात्री करा. नव्या यंत्रातला 'मोटर फिरते पण बॅरल फिरत नाही' हा दोष अनेकदा त्या एका स्क्रूचा असतो.

त्यानंतर बॅरल अर्धे पाण्याने भरा, झाकण लावा आणि वर्तमानपत्रावर ठेवून २४ तास चालवा. कागद कोरडा राहिला, मोटर जळकट वासाशिवाय चालली, तर पुढे जा. नवे रबरी बॅरल असेल तर टाकाऊ खडे आणि थोडे ग्रिट घालून एक-दोन दिवस फिरवून धुऊन घ्यावे. नाहीतर आतली काळी पूड फिकट दगडांवर बसते.

'३ पौंड क्षमता' म्हणजे ३ पौंड दगड का?

नाही. ३ पौंड म्हणजे १.३६ किलो, आणि त्यात दगड, पाणी, ग्रिट हे सगळे आले. काही उत्पादक बॅरलचे वजनसुद्धा त्यातच मोजतात. अशा यंत्रात ८०० ते ९०० ग्रॅम दगड पुरे. बॅरल दोन तृतीयांश भरले पाहिजे, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खाली, आणि पहिल्या टप्प्याला ४ सपाट टेबलस्पून जाडे सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे ८० ते ९० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या तराजूवर भरलेले बॅरल एकदा तरी ठेवून बघा. जास्तीचे दोनशे ग्रॅम मोटर तक्रार न करता ओढते, पण बुश आणि बेल्ट त्याची किंमत मोजतात.

उलट टोकही वाईट. अर्ध्याहून कमी भरलेल्या बॅरलमध्ये दगड एकमेकांवर आपटून त्यांचे टवके उडतात.

बहिणीने कॅनडाहून पाठवलेला टम्बलर आहे. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तरी मोटर तापते. का?

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेली एसी मोटर ५० हर्ट्झवर दोन गोष्टी करते. एक, तिचा वेग पाच षष्ठांश होतो. ४५ फेऱ्यांच्या जागी ३७-३८. हे चालून जाते. दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक: त्याच व्होल्टेजला लोखंडी गाभ्यातले चुंबकत्व वाढते, गाभा संपृक्त होतो आणि मोटर विनाकारण करंट खेचून तापते.

इलाज म्हणजे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवणे. १२० ला पाच षष्ठांशाने गुणले की १०० येतात. तेव्हा १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. जपानी उपकरणांसाठी तो मिळतो, नाहीतर मोटर वाइंडिंगवाला बनवून देतो. मोटर २० वॉटची असेल तर ट्रान्सफॉर्मर ५० वॉटचा तरी हवा, कारण तोही रात्रंदिवस चालणार. ताकद थोडी कमी होईल, म्हणून बॅरल शंभरेक ग्रॅम हलके भरा. यंत्र ॲडॅप्टरवर चालणारे असेल आणि ॲडॅप्टरवर १००–२४०, ५०/६० असे लिहिले असेल तर यातले काहीच करायचे नाही, फक्त पिन बदलायची.

मोटर हाताला चटका बसेल इतकी तापते. हे धोक्याचे आहे का?

छोट्या शेडेड-पोल मोटरचे (हा साध्या एसी मोटरचा प्रकार) बाह्यांग ६०-७० अंशांपर्यंत जाणे नेहमीचे आहे. एवढ्या गरम लोखंडावर बोट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठरत नाही. काळजी तेव्हा करा जेव्हा वार्निश जळाल्याचा वास येतो, किंवा यंत्र आपोआप थांबते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. दुसऱ्या प्रकारात आतला थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) काम करतो आहे. तो काढून टाकून तारा थेट जोडणे हा आग लावण्याचा प्रकार आहे.

तापण्याची कारणे या क्रमाने शोधा: जास्त भरलेले बॅरल, ताणून लावलेला बेल्ट, कोरडा किंवा आवळलेला बुश, बंद कपाटातली जागा, आणि शेवटी कमी व्होल्टेज. या प्रकारच्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर ६१ टक्क्यांवर येतो. पंखे मंद फिरत असतील त्या संध्याकाळी टम्बलर बंद ठेवलेला बरा. मे महिन्यात मोटरवर वारा सोडणारा संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला तर फरक हाताला कळतो.

बेल्ट सारखा तुटतो किंवा ढिला पडतो. इथे मिळणारा पर्याय कोणता?

आधी तो का तुटतो ते बघा, नाहीतर नवाही तुटेल. पुल्या एका रेषेत नसल्या की बेल्टची एकच बाजू झिजते. तेल लागले की रबर फुगते आणि घसरते. बॅरल अडकले आणि मोटर फिरत राहिली तर बेल्ट एकाच जागी जळून पातळ होतो. या तिन्हींच्या खुणा वेगवेगळ्या असतात. तुटलेला बेल्ट फेकण्यापूर्वी नीट पाहा.

मूळ बेल्ट बहुधा रबरी ओ-रिंग असते. बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानात नायट्राइल ओ-रिंग मापाने मिळते. त्याहून टिकाऊ म्हणजे पॉलियुरेथेनचा गोल पट्टा, ज्याला दुकानात पीयू बेल्ट म्हणतात. तो मीटरवर विकत मिळतो. मूळ बेल्टच्या जाडीचा, साधारण ३ ते ५ मिलिमीटरचा घ्या. दोन्ही पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजा आणि ५ टक्के कमी कापा. ४०० मिलिमीटर भरली तर ३८०. टोके अगदी काटकोनात कापा. जुन्या सुरीचे पाते तापवून दोन्ही टोके एकाच वेळी त्याच्या दोन बाजूंना टेकवा, कडा वितळून फुगीर झाल्या की पाते बाजूला करून टोके सरळ रेषेत दाबून धरा. अर्धा मिनिट हलवू नका, दहा मिनिटे ताण देऊ नका, मग बाहेर आलेला फुगवटा ब्लेडने छाटा. खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नसतो.

बसवल्यावर दोन पुल्यांच्या मध्ये बोटाने दाबल्यास बेल्ट पाच-सहा मिलिमीटर खाली जायला हवा. सतारीच्या तारेसारखा ताणलात तर बेल्ट टिकेल आणि मोटरचे बुश जातील.

शाफ्ट फिरतो ते भोक लंबगोल झाले आहे. दुरुस्त होते का?

होते, आणि बहुतेक यंत्रांत हीच दुरुस्ती सर्वांत फायद्याची ठरते. बॅरलमधून गळलेले पाणी ग्रिट घेऊन बुशमध्ये शिरते आणि मग बुशच पॉलिश होत बसतो. प्लास्टिकच्या भोकाला हे आठवड्याभरात होते.

शाफ्टची जाडी व्हर्नियरने मोजा. ८ मिलिमीटर असेल तर ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बसते: आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ मिलिमीटर. ६ मिलिमीटरला ६२६ (बाहेरून १९, रुंदी ६), १० मिलिमीटरला ६००० (बाहेरून २६, रुंदी ८). मागताना '२आरएस' म्हणा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले मिळेल. 'झेडझेड' प्रकाराच्या पत्र्याच्या झाकणातून बारीक चिखल आत जातो. बेअरिंग बसवायला मूळ चौकटीत जागा नसेल तर बाहेरून १२ मिलिमीटर जाडीच्या अॅक्रिलिकची किंवा मरीन प्लायची पट्टी लावून तिच्यात भोक करा. मडगाव, म्हापसा, वास्को किंवा वेर्णे-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या लेथवाल्याला हे काम तासाभराचेही नाही.

बेअरिंग नको असेल तर गनमेटलचा बुश वळवून घ्या. शाफ्ट त्यात सहज फिरावा, पण हलवल्यावर वाजू नये. नायलॉनचा बुश इथे टाळावा. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतो. एप्रिलमध्ये अचूक बसलेला शाफ्ट जुलैत आवळला जातो.

तेल शिलाई मशीनचे, आठवड्याला प्रत्येक बुशला एक थेंब. खोबरेल घालू नका, ते धूळ धरून चिकटते. गंज सोडवणारा स्प्रे हेही वंगण नव्हे. तो असलेले तेल धुऊन नेतो. सीलबंद बेअरिंगला यातले काहीच लागत नाही.

बॅरल गळते. सिलिकॉन सीलंट लावू का?

नको. झाकण दर आठवड्याला उघडायचे आहे, सीलंटचे तुकडे दगडांत जातील. दहांपैकी नऊ वेळा कारण साधे असते: झाकणाच्या कडेवर अडकलेला ग्रिटचा कण. बॅरलची कड आणि झाकणाची खाच ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने पुसा, बोट फिरवून बघा, मग लावा. पेट्रोलियम जेली रबराला फुगवते. लावायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे.

आट्यांचे प्लास्टिक झाकण असेल आणि ते वाकडे बसत असेल तर तो घडणीचा दोष आहे. तात्पुरता उपाय म्हणून स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून गोल चकती कापून गॅस्केटसारखी आत बसवता येते. मधल्या स्क्रूवर नट आवळायचे झाकण असेल तर नट हातानेच आवळा. पक्कड लावली की आटे जातात.

झाकण फुगून वर येते. आत काय होते?

वायू साठतो. दगडात कार्बोनेट किंवा गंधकयुक्त खनिजे असतील तर पाण्याशी क्रिया होऊन, आणि नसतील तरी चिखल तापल्याने दाब वाढतो. पहिले तीन-चार दिवस रोज एकदा यंत्र थांबवून झाकण हलकेच उघडा, तोंड लांब ठेवा. पाव चमचा खाण्याचा सोडा घातल्याने काही दगडांत फरक पडतो. शिंपले, संगमरवर, कॅल्साइट असलेले दगड या बॅरलमध्ये घालूच नयेत.

मोटर चालते, शाफ्ट फिरतो, पण बॅरल थांबते किंवा एका बाजूला सरकून पडते.

थांबत असेल तर बॅरल किंवा शाफ्टवरची नळी ओली अथवा तेलकट आहे; साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. शाफ्टवरची रबरी नळीच आत घसरत असेल तर ती काढून योग्य मापाची हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी दोन थरांत बसवा. गुळगुळीत प्लास्टिकच्या बॅरलवर सायकलच्या ट्यूबचे दोन रुंद पट्टे ताणून चढवले की पकडही येते आणि खडखडही कमी होते. बाहेरचा व्यास वाढल्याने वेग दोन-चार टक्के उतरतो, तेवढा चालतो.

सरकत असेल तर स्पिरिट लेव्हल ठेवा. चिऱ्याच्या जुन्या घरांतल्या बाल्कांवाला (दारापुढच्या ओसरीला) पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि लोक यंत्र नेमके तिथेच ठेवतात.

आवाजाने शेजारी कंटाळले. खोक्यात झाकून ठेवता येईल का?

पूर्ण बंद खोक्यात नाही, मोटर गुदमरेल. रबरी बॅरल असेल तर आवाज मुळातच कमी. प्लास्टिकच्या बॅरलचा आवाज तळातून फरशीत उतरतो, म्हणून खाली जाड रबरी मॅट किंवा योगासनाच्या मॅटचे दोन थर घाला. तीन बाजूंनी थर्माकोल लावून मोटरची बाजू उघडी ठेवली तर चालेल.

आवाज ऐकायला मात्र शिका. पावसाचे पाणी पन्हळीतून घरंगळावे तशी एकसंध घरघर म्हणजे ठीक. सुटे 'ठक ठक' म्हणजे बॅरल रिकामे आहे किंवा वेग जास्त. आवाजच बंद झाला आणि बॅरल फिरते आहे, तर चिखल इतका दाट झाला की दगड एकगठ्ठा घसरताहेत. दोन-तीन चमचे पाणी घाला.

बॅरलचा वेग किती असावा? बटणावर फक्त १, २, ३ लिहिले आहे.

बॅरलवर खडूने रेघ मारा आणि मिनिटभर फेऱ्या मोजा. एवढ्या आकाराच्या बॅरलला ४० ते ६० योग्य. १० सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या बॅरलमध्ये मिनिटाला १३४ फेऱ्यांच्या आसपास दगड भिंतीलाच चिकटून फिरू लागतात आणि घासणे थांबते. हा आकडा ४२.३ ला मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागून येतो. त्याच्या अर्ध्याच्या वर जाऊ नका. सर्वांत जलद वेगाने काम लवकर होते हा समज चुकीचा. टवके उडतात, त्या चंद्रकोरीसारख्या खुणा घालवायला पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मोटर जाते ती वेगळीच. पॉलिशच्या टप्प्याला तर सर्वांत मंद वेग ठेवा.

वीज गेली तर दगड खराब होतात का?

दगडांना काही होत नाही. ग्रिट तळाला बसतो, एवढेच. साधी एसी मोटर वीज आल्यावर स्वतः सुरू होते. काही तास थांबली असेल तर बॅरल हाताने दोन-तीन वेळा हलवून ग्रिट सुटा करा, म्हणजे मोटरला सुरुवातीचा झटका बसत नाही.

डिजिटल टायमरच्या यंत्रांची अडचण वेगळी. वीज गेली की ती सगळे विसरतात आणि बटण दाबेपर्यंत गप्प बसतात. पावसाळ्यात रात्री दोनदा वीज गेली की सकाळी कळते की यंत्र दहा तास उभे होते. यंत्र १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालत असेल तर वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस त्याला चालतो. ॲडॅप्टरवरचे अँपिअर आणि पिनची धन-ऋण बाजू जुळवून घ्या. एसी मोटरला चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर टाकू नका, गुणगुणते आणि तापते.

चवथीला पाच दिवस गावी जातो. चालू ठेवून जाऊ का?

नाही. गळती, फुगलेले झाकण, तुटलेला बेल्ट, यांतले काहीही झाले तर बघायला कोणी नसते. निघण्यापूर्वी बॅरल रिकामे करून दगड धुऊन साध्या पाण्यात ठेवा. आतला चिखल तसाच ठेवून पाच दिवस बॅरल उभे राहिले तर तो तळाशी घट्ट बसतो.

पावसाळ्यात शाफ्टला गंज चढतो. काय करावे?

किनाऱ्याजवळच्या घरांत तर पावसाळ्याचीही वाट बघावी लागत नाही, खारी हवा पुरेशी असते. मूळ शाफ्ट बहुधा साध्या पोलादाचा, वर जस्ताचा पातळ थर दिलेला असतो. लेथवाल्याकडून ३०४ स्टेनलेसचा त्याच मापाचा शाफ्ट कापून घ्या. सरळ आहे की नाही ते काचेवर लोळवून बघा. यंत्र घराच्या आत, जमिनीपासून उंच ठेवा. वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकते. पत्र्याच्या चौकटीच्या यंत्राला अर्थिंग असलेली तीन पिनांची वायर हवीच, आणि घरात आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टम्बलरच्या निमित्ताने बसवून घ्या.

दगडांना चकाकी येत नाही. हा यंत्राचा दोष का?

सहसा नाही. यंत्र फक्त फिरवते. चकाकी न येण्याचे पहिले कारण म्हणजे टप्पा बदलताना राहिलेला जाड ग्रिट. एक कण पुढच्या बॅरलमध्ये गेला तरी ओरखडे येतात. दगड, बॅरल, झाकणाची खाच, सगळे धुवा. भेगा पडलेले दगड वेगळे काढा, कारण ग्रिट त्या भेगांत लपतो. पॉलिशसाठी दुसरे बॅरल राखून ठेवणे सर्वांत उत्तम.

दुसरे कारण, संचासोबत आलेली पुडी. तीत ग्रिट कमी असते आणि नंबर लिहिलेला नसतो. अपघर्षक विकणाऱ्या दुकानातून सिलिकॉन कार्बाइड ८०, मग २२०, मग ५०० किंवा ६०० आणि शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडचे पॉलिश घ्या. काच घासणाऱ्यांकडचे सेरियम ऑक्साइडही चालते. टप्पा सात दिवसांनी संपतोच असे नाही. पहिल्या टप्प्याला दोन-तीन आठवडेही लागतात. दगड सुकवून बघा: ओला असताना दिसणारी चमक खोटी असते.

गोव्यातले कोणते दगड चालतात?

जांभा अजिबात नाही. तो मऊ, सच्छिद्र असतो. बॅरलमध्ये त्याचा लाल चिखल होतो आणि घट्ट चिखलाने मोटर अडकते. मोटर जळाल्याच्या तक्रारीमागे कधी कधी फक्त चिऱ्याचे तुकडे असतात. डिचोली-सत्तरी-सांग्याकडचा पट्टेरी लोहदगड दिसायला सुरेख, पण त्यातला क्वार्ट्झ (मोहसच्या १ ते १० मापावर) ७ कठीणतेचा आणि लोहाचे थर त्याहून मऊ, त्यामुळे पट्ट्यांत खाचा पडतात. सत्तरीच्या पूर्वेकडचा बेसॉल्ट गुळगुळीत होतो, फारसा चमकत नाही, आणि त्याच्या बारीक छिद्रांत ग्रिट अडकतो. काणकोणचा ग्रॅनाइट बरा, अभ्रक कमी असलेला निवडा. शुभ्र क्वार्ट्झचे गोटे उत्तम.

सुरुवात मात्र विकतच्या अकीकाने किंवा जास्परने करा. खंभातचा अकीक पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी ओळखला जातो, त्याची कठीणता ६.५ ते ७ आणि तो एकसारखा झिजतो. नव्या यंत्राचा दोष आहे की दगडाचा, हेही त्याने लगेच कळते. एका बॅरलमध्ये कठीणता सारखीच असलेले दगड, पण आकार लहान-मोठे मिसळून घाला.

मोले, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई यांसारख्या अभयारण्यांतून काहीही उचलायचे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे. किनाऱ्यावरून पोती भरून खडे आणणेही किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत बसत नाही.

दुरुस्त करावे की परत करावे?

परत करण्याची मुदत चालू असेल तर स्क्रूही उघडू नका; उघडलेले यंत्र पुष्कळ विक्रेते नाकारतात. वॉरंटीच्या कागदात बेल्ट आणि बॅरल 'झिजणारे भाग' म्हणून वगळलेले असतात, ते वाचा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल, व्हिडिओ आणि विक्रेत्याशी झालेले लेखी बोलणे जपून ठेवा.

मुदत संपली असेल तर हिशेब असा: बेल्ट, बुश, शाफ्ट, नळी बिघडली असेल तर दुरुस्त करा. ब्रशवाली मोटर आणि प्लास्टिक गिअर दोन्ही गेले असतील तर त्यांत पैसे घालू नका. बॅरल रबरी आणि शाबूत असेल तर तेवढे ठेवून खाली नवी चौकट बांधता येते: मिनिटाला १३०० फेऱ्यांच्या आसपासची चार-पोल शेडेड-पोल मोटर, तिच्या पुलीच्या तिप्पट व्यासाची पुली शाफ्टवर, १२ मिलिमीटर शाफ्ट आणि १२० मिलिमीटर बॅरल, की वेग मिनिटाला ४३च्या आसपास येतो.

नवा घ्यायचा तर काय बघायचे?

रबरी बॅरल, आतून सपाट पैलू किंवा कंगोरे असलेले. अगदी गुळगुळीत गोल बॅरलमध्ये दगड उलटत नाहीत, घसरतात. २३० व्होल्ट ५० हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेली मोटर. बेल्ट आणि बॅरल सुटे विकत मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिळत नसतील तर घेऊ नका, मग यंत्र कितीही देखणे असो. विजेची चिंता करू नका: २० वॉटची मोटर पूर्ण ६७२ तासांत साडेतेरा युनिटही खात नाही.

उरलेला चिखल मोरीत ओतला तर चालेल का?

कधीच नाही. सिलिकॉन कार्बाइड आणि दगडाची भुकटी पाइपच्या वळणात बसली की सिमेंटसारखी घट्ट होते, आणि सोकपिटपर्यंत पोचली तर तिथेही तेच. सगळे पाणी बादलीत काढा, दोन दिवस निवळू द्या, वरचे पाणी झाडांपासून दूर, मोकळ्या जमिनीवर सोडा. विहिरीजवळ नको. तळाचा गाळ ओला असतानाच जुन्या पिशवीत भरून सुक्या कचऱ्यात द्या. सुकलेला गाळ झाडूने झाडू नका, त्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्यानेच पुसायचा.